पर्वतीच्या पायऱ्या, पुन्हा एकदा

पुण्यात माहेर असो की सासर, पर्वती चढली नाही अशी बाई विरळाच. 1995 साली लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले, आणि पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी मला पर्वतीवर नेलं. त्या पुढं, मी मागं. नवी साडी सावरताना माझी तारांबळ, आणि त्या मात्र नऊवारीचा काष्टा घट्ट करून सरसर वर! पुढं ती आम्हा सासूसुनांची रोजची वाटच झाली. कणीक भिजवून ठेवायची, सहाला बाहेर पडायचं आणि मुलांचे डबे भरायला वेळेत परत यायचं.

2018 साली सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा पूर्वीसारख्या हिंडूफिरू लागल्या नाहीत. सहा वर्षं त्यांचं सगळं अंथरुणावर नाहीतर खुर्चीत. माझी पर्वती तेव्हाच सुटली. 2024 च्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यानंतरही पहाटे पाचला जाग यायची. त्यांचा चहा, त्यांची औषधं... काहीच नसायचं. नुसती ओट्यापाशी उभी राहायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, जा की पर्वतीला." पण पाऊल उचलवेना. त्यांच्याशिवाय जायचं म्हणजे काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं.

वर्षश्राद्ध झालं आणि एका सकाळी निघाले. सारसबागेवरून पायथ्याशी आले, तर सगळं तसंच. रुंद दगडी पायऱ्या, चढणारे-उतरणारे लोक. पायऱ्या किती, याबद्दल पुण्यात एकमत नाही. कुणी 103 म्हणतं, कुणी 108. मी म्हटलं, आज मोजूनच टाकू. पण चाळीसच्या पुढं मोजायला श्वासच उरला नाही! छाती धडधडायला लागली, कानशिलं तापली. बाजूनं एक आजोबा काठी टेकत शांतपणे पुढं निघून गेले. मला अशी लाज वाटली, की न थांबता, दात-ओठ खात, तशीच वरपर्यंत गेले आणि उतरलेही भराभर.

त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळाली. मांड्या अशा भरून आल्या, की पाटावर बसवेना आणि बसलं तर उठवेना. तिसऱ्या दिवशी तर जिना उलटा उतरायची वेळ आली. मला वाटायचं, दिवसभर घरकाम करते, सासूबाईंना उठवते-बसवते, म्हणजे व्यायाम होतोच की! तो समज पर्वतीनं उतरवला.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. ती पोट धरून हसली आणि मग समजावून सांगितलं. व्यायाम बंद केला की आधी जातो तो दम. दोन-तीन आठवड्यांतच अंगातल्या रक्ताचं प्रमाण थोडं घटतं, हृदय एका ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त ढकलतं, म्हणून थोड्या चढानंही धाप लागते. स्नायूंची ताकद जरा उशिरा जाते. पाय दुखले ते चढण्यापेक्षा उतरण्यानं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, आणि सवय नसली की ते दुखणं एक-दोन दिवसांनी जोर धरतं. चार-सहा दिवसांत आपोआप जातं.

"पण मावशी," ती म्हणाली, "एकदा कमावलेलं शरीर ओळख विसरत नाही. नव्यानं शिकणारीपेक्षा तू लवकर पूर्वपदावर येशील." मला विरजण आठवलं. भांडं घासायला टाकलं असं वाटतं, पण तळाशी चमचाभर दही राहिलेलं असतं. तेवढ्यावर पुन्हा दही लागतं. फक्त घाई करून सारखं ढवळायचं नाही!

मग मी शिस्त लावून घेतली. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड जायचं आणि निम्म्याच पायऱ्या. चढताना शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येईना, तर पायरीवर टेकायचं. उतरताना कडेनं, सावकाश. दम आठ-पंधरा दिवसांत सुधारतो, पण गुडघ्याच्या शिरा-सांध्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून "आता जमतंय" असं वाटलं तरी एकदम दुप्पट करायचं नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर देवाला खालूनच नमस्कार करावा आणि दवाखाना गाठावा. त्यात कसली लाज?

सातव्या आठवड्यात एकदाच टेकून वर पोचले. 1749 साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या देवदेवेश्वराचं दर्शन घेतलं. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी 1761 साली प्राण सोडला, तोही इथंच. खडकीची लढाई 1817 साली झाली, ती दुसऱ्या बाजीरावांनी इथूनच पाहिली असं सांगतात. किती दुःखं या टेकडीनं पाहिली असतील! तिला माझ्या धापेचं काय?

कठड्याशी आले. श्रावणात दर्शन झालं, की सासूबाई इथंच बसायच्या, पदरानं कपाळ पुसायच्या आणि म्हणायच्या, "चल, डबे राहिलेत." मी बसले. डबे आता कुणाचेच भरायचे नव्हते. मुलगा बंगळुरात, मुलगी तिच्या घरी. तरीही घाईनं उठावंसं वाटलं. मग मुद्दाम बसूनच राहिले. त्यांनी सहा वर्षं खिडकीतून जेवढं आभाळ पाहिलं, त्यापेक्षा कितीतरी मोठं आभाळ समोर होतं. ते पाहणं म्हणजे चोरी नव्हे, हे त्या दिवशी पटलं. उलट त्यांनीच घातलेली वाट मी मोडू दिली, तर त्यांना आवडलं नसतं.

मैत्रिणींनो, आजारपण, बाळंतपण, मुलांची दहावी, कशानं ना कशानं आपली वाट सुटतेच. परत निघताना पहिल्या दिवशीची तुलना जुन्या दिवसांशी करू नका. कालच्या दिवसाशी करा.

कठड्यावरून नैर्ऋत्येला, हवा स्वच्छ असली, की सिंहगड दिसतो, त्यावरच्या टीव्ही मनोऱ्यासकट. ह्यांनी विचारलं, "काय, पुढच्या हिवाळ्यात गड चढायचा का?" मी म्हटलं, "आधी पर्वतीच्या पायऱ्या नीट मोजू द्या!"