अंगणांतली मोटार

एकत्र कुटुंबांत निरुपयोगी झालेली वस्तु टाकली जात नाहीं. ती माळ्यावर जाते, आणि तेथें मावत नसेल तर अंगणांत उभी राहते. आमच्या नागपूरच्या घरीं कडुनिंबाखालीं अशी एक मोटार तीन वर्षें उभी होती. मोटार कसली, चाकांवरचें घरच तें! आंत दोन बिछाने, लहानसा ओटा आणि पाण्याची टांकी. आमच्या थोरल्या बंधूंनीं पेन्शन घेतल्यावर ती मोठ्या हौसेनें घेतली. वहिनींसह ते तिच्यांतून एकदांच पचमढीस जाऊन आले. पुढच्या प्रवासास मात्र ते एकटेच निघून गेले.

उभी मोटार फुकट उभी राहत नाहीं. बॅटरी उतरते, टायरांना भेगा पडतात, उंदीर तारा कुरतडतात. तेव्हां पुतण्यानें सुचविलें कीं, ती पाहुण्यांस एक-दोन रात्रींच्या बोलीनें भाड्यानें द्यावी. नागपुरास उतारूंचा तोटा नाहीं. १९५३ च्या नागपूर करारामुळें विधिमंडळाचें अधिवेशन येथेंही भरतें. तें बहुधा हिवाळ्यांत असतें, आणि त्या दिवसांत खोली मिळणें कठीण. १९५६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं जेथें धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दसऱ्यास लाखों लोक येतात. शिवाय येथील रुग्णालयांत साऱ्या विदर्भांतून रोगी येतात. रोग्यास खाट मिळाली तरी सोबत्यास ती मिळत नाहीं.

पुतण्यानें सरकारी कागदही आणले. २०२१ सालीं राज्य सरकारनें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण आखलें. घरांतल्या मोकळ्या खोल्यांसाठीं ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. एक फिरत्या गाड्यांसाठीं, दुसरी न हलणाऱ्या घरांसाठीं. आमची वस्तु गाडी असून फिरत नव्हती, आणि घरासारखी असून घर नव्हती! पुतण्यानें कचेऱ्यांत हेलपाटे घालून तोही प्रश्न मिटविला. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे पत्र्याची ती खोली भट्टीच होते. म्हणून दसऱ्यापासून होळीपर्यंत हंगाम धरावा असें ठरलें.

वहिनींस मात्र तें रुचलें नाहीं. “पाहुण्याकडून पैसे घ्यायचे? आणि तेही त्यांच्या गाडींत निजवून?” असें त्या म्हणाल्या, आणि आंत निघून गेल्या. आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अतिथि आणि गिऱ्हाईक हे दोन शब्द आमच्या घरांत तोंवर कधीं एका वाक्यांत आले नव्हते.

पहिला उतारू गडचिरोलीकडचा एक शेतकरी होता. त्याच्या पत्नीवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. दिवसभर तो रुग्णालयाच्या दाराशीं बसे आणि रात्रीं पाठ टेकण्यापुरता येई. तिसऱ्या दिवशीं आम्हांस राहवेना. आम्हीं म्हटलें, “भाड्याचें राहूं द्या.” तो एकदम उभा राहिला. “पैसे घ्या जी काकाजी. फुकट रायलो त मले उद्या तोंड दाखवाले लाज वाटन.”

वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या रात्रीं मोटारींत पिठलें-भाकरीचें ताट गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं रुग्णालयासाठीं पेजेचा डबाही. त्याची नोंद पुतण्याच्या वहींत झाली नाहीं.

पैसा आला कीं आतिथ्य गेलें, अशी आमची समजूत होती. ती अर्धीच खरी. फुकट आसरा देणाऱ्यास दानाचें समाधान मिळतें, पण त्या दानाचें ओझें घेणाऱ्याच्या डोक्यावर राहतें. थोडेंसें भाडें दिलें कीं तो ताठ मानेनें निजतो. तेव्हांपासून आमच्याकडे रीतच पडली आहे: बिछान्याचे पैसे घ्यावे, ताटाचे घेऊं नयेत.

बंधूंची टोपी अजून चालकाच्या आसनापाशींच लटकते. तिला कोणी हात लावीत नाहीं. परंतु मोटारींतल्या चादरी आतां वहिनी स्वतः बदलतात. परवां त्यांनींच पुतण्यास विचारलें, “काय रे, अधिवेशनाची तारीख लागली का?”