बिनकामाची सायकल

संपादक दोस्त म्हणाला, या अंकाला कविता नको, गद्य दे. वर्षभर काय केलंस ते लिही. मी म्हटलं, सूतगिरणीत पाळ्या केल्या आणि उरल्या वेळात सायकल चालवली. तो हसला. म्हणाला, मग सायकलवरच लिही, आपला अंकपण हँडल फिरवूनच निघतो.

म्हणून लिहितो आहे. आधीच सांगतो, हे कामावर जायच्या सायकलीबद्दल नाही. हौसेच्या सायकलीबद्दल आहे. काही दोस्तांना हे पटणार नाही. एकाने तर तोंडावर विचारलं, समाज जळतोय आणि तू सायकल फिरवतोस? साहेब झालास काय? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. हे त्याला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आमच्या घरात सायकल हौसेची कधीच नव्हती. आज्जाच्या काळात तर ती बसायची वस्तू नव्हती, उतरायची होती. शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव. आज्जा कधीमधी तासाच्या भाड्याने सायकल आणायचा. रस्त्याला चढायचा, वेशीपाशी उतरायचा. चावडीपुढून, वाड्यापुढून सायकल हातात धरून चालत न्यायची. आपल्या वस्तीत शिरला की पुन्हा टांग मारायची. एकदा तो उतरला नाही. त्या दिवशी त्यांनी दोन्ही चाकांच्या तारा तुडवून मोडल्या. आज्जाला मारलं नाही, सायकलीला मारलं. भरपाई आज्जाने भरली, दोन महिने दुकानदाराकडं राबून. ही गोष्ट तो हसत सांगायचा. हसत का सांगतो ते लहानपणी कळत नव्हतं. आता कळतं. रडत सांगितली असती तर आम्ही सायकलीला भ्यालो असतो.

आबा इचलकरंजीला आले ते मागावर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, हे गावात सगळे अभिमानाने सांगतात. मागावरच्या बारा तासांच्या पाळीचं कुणी अभिमानाने सांगत नाही. आबांनी सेकंडहँड सायकल घेतली. काळी, बावीस इंची. ती सायकल म्हणजे बैल होता. पाळी संपली की कॅरिअरवर कापडाचे तागे बांधून पेढीवर पोचवायचे, त्याचे वेगळे पैसे. मागून बघितलं तर माणूस दिसायचाच नाही. ताग्यांनाच पाय फुटलेत असं वाटायचं. याच सायकलीच्या नळीखालून पाय घालून मी कैची मारायला शिकलो. पुढं आबांचे गुडघे गेले आणि सायकल भिंतीला लागली. तिच्यावर वाळत घातलेली धुणी आली.

मागच्या दिवाळीत बोनसमधले काही पैसे उरले. मी सायकल मिस्त्रीकडं नेली. चेन, फ्रीव्हील, दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, कोटरपिना सगळं नवं. छर्रे बदलले, चाकांचा आउट काढला. मिस्त्री म्हणाला, "एवढ्यात दुसरी आली असती की रं." मी म्हटलं, "हीच पायजे." फक्त कॅरिअर तेवढं जुनं ठेवलं. त्याच्यावर दोरीचे वळ उठलेत. माणसाच्या पाठीवर उठावेत तसे.

पहिल्या दिवशी तिसऱ्या पाळीतून सकाळी सातला सुटलो आणि घराकडं न वळता पंचगंगेकडं गेलो. घाटावर बसलो. पाण्यावर कारखान्यांचा फेस होता, बगळे होते. अर्ध्या तासाने घरी आलो. आईने विचारलं, "काय आणलंस?"

"काय नाही."

"मग गेलतास कशाला?"

दोस्तांनो, हा प्रश्न वर्षभर माझ्या मागच्या चाकाला बांधलेला होता. आपला माणूस घराबाहेर पडतो तो कशाला तरी पडतो. कामाला, बाजाराला, मयताला, मोर्चाला. फार लांब गेला तर दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला. नुसता फिरणारा आपला माणूस बघितला की लोकांना तो चोर वाटतो, नाहीतर बेकार. पहाटे एका गावातून जाताना दोघांनी मला थांबवलं. कुठला? कुणाचा? काय काम काढलंस? मी म्हटलं, फिरायला आलोय. त्यांना ते खरं वाटेना. शेवटी मी खोटं बोललो, पाव्हण्याकडं चाललोय म्हणून. मग सोडलं. खरं बोलून अडकलो आणि खोटं बोलून सुटलो.

रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक घोळका भेटायचा. डॉक्टर, वकील, व्यापारी. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, हलक्या वजनाच्या गिअरच्या सायकली. एकदा नरसोबाच्या वाडीच्या रस्त्याला मी माझ्या बैलावरून त्यांच्या बरोबरीने गेलो. कौतुक झालं. फोटो काढले. चहाला थांबलो, तिथं एकाने विचारलं, पूर्ण नाव काय? मी सांगितलं. "अच्छा, म्हणजे..." असं म्हणून त्याने पुढचं वाक्य चहात बुडवलं. पुढच्या रविवारची वेळ कळवतो म्हणाले. ती वेळ मला कळली नाही. त्यातले एक रिटायर मास्तर मात्र अजून दिसले की थांबतात, मडगार्डावर हात ठेवून बोलतात. तेही लिहिलं पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. विटाळ होतो म्हणून लोक येईनात. तेव्हा शाहू महाराज तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचे. राजाला स्वतः कप तोंडाला लावावा लागला. आता कप वेगळा नसतो. वाक्य अर्धं तोडलं की काम भागतं.

जूनमध्ये त्या लोकांनी सायकल दिन केला, बॅनर लावून. ३ जून हा जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ठरवलेला. मला त्या तारखेची दुसरी गोष्ट आठवते. २०२० च्या ३ जूनलाच साहिबाबादला ॲटलस सायकलच्या कारखान्याच्या गेटवर नोटीस लागली. कामगार सकाळी कामाला आले आणि बाहेरच राहिले. बॅनरवर हे नव्हतं. सायकल चालवणाऱ्याचा दिवस असतो, बनवणाऱ्याचा नसतो.

मी एक वही केली होती. तारीख, पाळी, कुठं गेलो, किती किलोमीटर. मैलाचे दगड आणि मोबाईल बघून आकडे लिहायचो. दिवाळी ते दिवाळी २,२८६ किलोमीटर झाले. आता गिरणीतला माणूस किलोमीटरवर थांबत नाही, त्याला सुताचा हिशोब सुचतो. तीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ३० लडी. म्हणजे २५,२०० यार्ड, म्हणजे २३ किलोमीटर. माझं वर्षाचं फिरणं सुतात मोजलं तर जेमतेम ४५ किलो भरतं. माझी रिंगफ्रेम तेवढं सूत दोन-सव्वादोन तासांत काढते. मी तिच्या बाजूने येरझारा घालत तुटलेले धागे जोडत असतो. वर्षभर छाती फुटेपर्यंत पायडल मारून मी जे केलं ते मशीनने डबा खायच्या आधी उरकलं. पण फरक आहे. ते सूत कुठं जातं मला माहीत नाही. हे २,२८६ किलोमीटर मात्र कुठं गेले ते मला एकूण एक माहीत आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाखाली पडून मी वरचं गोल आभाळ बघितलंय. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दोन नद्यांच्या पाण्याचे दोन रंग बघितलेत. ही माझी मजुरी. यातून पीएफ कापला जात नाही.

छाती फुटेपर्यंत म्हटलं ते नुसतं बोलायचं म्हणून नाही.

हातकणंगल्यापलीकडं आळत्याजवळ रामलिंगचा डोंगर आहे. तो चढ मला चढेना. पाय चालायचे, दम पुरायचा नाही. सुटीच्या दिवशी सायकल मारली की दुसऱ्या दिवशी खात्यात शिरल्यावर छाती आवळल्यासारखी व्हायची, खोकला सुटायचा. दोस्त म्हणाले, सुटीला आराम करायचा सोडून सायकल मारतोस, दमणारच. आईपण तेच म्हणाली. मलाही पटलं. मी वहीत छातीचा रकाना काढला. आवळली की फुली. सायकल बंद करून बघितली, तीन सुट्या घरात झोपून काढल्या. तरी दुसऱ्या दिवशी फुली. म्हणजे सायकलीने नव्हतं होत. आठवड्याच्या शेवटी फुली कमी, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी ठळक.

वही घेऊन डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फुल्या बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, कापसात काम करतोस का? या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीने होतं. सुरुवातीला सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती धरते, पुढं रोज धरते, आणि तरी तिथंच राहिलं तर मग सुटत नाही. ब्लोरूमला आणि कार्डिंगला सगळ्यात जास्त. मी पहिली तीन वर्षं कार्डिंगलाच होतो. कामातून होणाऱ्या रोगांच्या सरकारी यादीत याचं नाव आहे. ते वाचून मला कसंतरीच झालं. माझ्या कवितांना अजून कुठल्या यादीत जागा मिळाली नाही, माझ्या छातीला मिळाली.

सायकल नसती तर मला कळलंच नसतं. खात्यात सगळेच खोकतात, त्याला कुणी रोग म्हणत नाही. रामलिंगच्या चढाने सांगितलं. ज्या दोस्ताने विचारलं होतं साहेब झालास काय, त्याच्यासाठी हे लिहिलं. तोही ब्लोरूमला आहे.

आता माणगावचं सांगतो. २१ मार्चला माझी दुसरी पाळी होती, दुपारी तीनची. सकाळी आबांना म्हटलं, "चला, बसा मागं."

"काय काम हाय?"

"काय नाही. माणगावला जाऊन येऊ."

आबा कॅरिअरवर बसले. ज्या दोरीच्या वळांवर त्यांनी आयुष्यभर तागे बांधले तिथं ते स्वतः बसले. वजन ताग्यांपेक्षा कमी. कबनूर मागं पडलं, उसाचे फड लागले. १९२० च्या २१ आणि २२ मार्चला या माणगावात बहिष्कृतांची परिषद भरली. ती भरवायला गावचे जैन पाटील आप्पासाहेब पुढं झाले. शाहू महाराज स्वतः आले आणि हाच तुमचा पुढारी असं लोकांना सांगून गेले. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे आंबेडकर. मी सत्तावीसचा आहे. तिथं उभा राहून पहिल्यांदा मला बाबासाहेब पुतळ्यासारखे नाही, माझ्या वयाचे वाटले.

परतताना मी आबांना सांगत होतो की १९४६ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी कारखान्याच्या कायद्याला दुरुस्ती मांडली आणि आठवड्याचे ५४ तासांचे ४८ तास झाले. सहा तास माणसाला परत मिळाले. मी वर्षभर सायकल मारली ती त्या सहा तासांत, आबा. ही हौस माझ्या एकट्याची नाही, ती मिळवलेली आहे.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मागून म्हणाले, "आमच्या शेडला लागू नव्हता म्हणं त्यो कायदा."

मला पुढं बोलता आलं नाही. पायडल मारत राहिलो. चढ नव्हता तरी दम लागला.

साजणीपाशी आबा म्हणाले, "थांबीव." उतरले. मला वाटलं गुडघे दुखले असतील. त्यांनी हँडल हातात घेतलं, टांग मारली आणि रिकाम्या सायकलीवरून शंभरेक पावलं पुढं गेले, वळले, परत आले. "हलकी चालती रं," म्हणाले. एवढंच.

वर्षाचा जमाखर्च असा. खात्यातल्या आम्ही अकरा जणांनी अर्ज दिलाय. प्रत्येकाची वर्षातून एकदा फुंकायच्या यंत्रावर छाती तपासावी, कार्डिंगला धूळ ओढणारी यंत्रं चालू ठेवावीत, तोंडाला नीट मास्क द्यावेत. उत्तर आलेलं नाही. माझ्या वहीतल्या फुल्यांची नक्कल अर्जाला जोडलीय. आता बाकीचे दहा जणपण फुल्या मारायला लागलेत.

आई अजून विचारते, कशाला चाललास. पण आता वर म्हणते, भाकरी बांधून देऊ का?

रामलिंगचा चढ अजून चढायचा राहिलाय. ज्यांच्या घरात भिंतीला टेकून एखादी काळी सायकल धुणी वाळवत उभी आहे त्यांनी ती काढावी आणि यावं. काम काय, असं कुणी विचारलं तर सांगा, काही नाही. पाव्हण्याकडं चाललोय असं सांगू नका.