दोन ते चारचा पहारा

आई गेली आणि बाबांची झोपही गेली. भिवंडी तालुक्यात आमची भातशेती होती, तिथे आता गोदामं उभी आहेत. जमीन विकून पैसे आले, पण बाबांना सकाळी उठून जायला जागा उरली नाही. रात्री दोनला बघावं तर ते ओटीवर बसलेले. मी सॉफ्टवेअरवाला, त्यांच्या फोनवर झोपेचं ॲप टाकून दिलं, समुपदेशकाचा नंबर दिला. त्यांनी दोन्हीकडे ढुंकून पाहिलं नाही.

माघात गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कोणीतरी ती गळ्यात घालून उभं असतं, त्यासाठी पहारे वाटून घेतात. भजनी मंडळातले एक काका बाबांना म्हणाले, "माउली, रात्री दोन ते चार तुम्ही घ्या. नाहीतरी जागेच असता." मला रागच आला. बाबा मात्र टोपी शोधायला लागले.

तिसऱ्या रात्री मी ऑन-कॉल होतो. बंद पडलेला सर्व्हर चालू केला आणि देवळात गेलो. बाबा वीणा घेऊन उभे, शेजारी दोन टाळकरी पेंगत साथ करत होते. कोणी सांत्वन करत नव्हतं. आई का गेली, हेही कोणी सांगत नव्हतं. चारला पुढचा माणूस आला. दोघे एकमेकांच्या पाया पडले, वीणा त्याच्या गळ्यात गेली. बाबा घरी येऊन सातपर्यंत झोपले.

चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांचा २०१० चा अमेरिकेतला अभ्यास नंतर वाचला. नियमित प्रार्थनेला जाणारे जास्त समाधानी असतात, ते मुख्यतः तिथे जवळचे मित्र असतात म्हणून, असा त्याचा निष्कर्ष. पटलं. पण १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या भिवंडीत हेही कळतं, की 'आपली माणसं' म्हणताना ऊब मिळते, तशी भिंतही उभी राहते.

मी रजेवर गेलो की ऑन-कॉलच्या यादीत दुसरं नाव येतं, बस. बाबा तापामुळे एक दिवस हरिपाठाला गेले नाहीत, तर संध्याकाळी दोघे जण दारात हजर.

यंदा काकांनी मलाच विचारलं, "एक पहारा घेतोस का?" देव न मानता वीणा गळ्यात घालणं खोटं ठरेल का? अजून उत्तर दिलेलं नाही. पण नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही.