छत्तीस गुणांचा पेपर

दोन महिने इथे काही लिहिलं नाही. घरच्यांना कारण ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. तीस वर्षं वसईहून विरार फास्टमध्ये दांडी न धरता उभा राहून चर्चगेटला गेलेला माणूस!

चौथ्या दिवशी वॉर्डात फिजिओथेरपीवाली मुलगी आली. "आजी, आज आजोबांचा तोल बघूया." हातात छापील कागद. मास्तरणीची खोड, मी डोकावलेच. बारा प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, एकूण ३६. १९९९ साली फ्रान्समध्ये अशाच पेशंटसाठी तयार केलेला. बर्ग नावाचा दुसरा एक पेपर आहे म्हणे, ५६ गुणांचा, पण त्यात बरंचसं उभं राहूनच करायचं. झटक्यानंतर लगेच तो दिला तर बहुतेकांना भोपळाच. म्हणून ह्यात कुशीवर वळण्याचेही गुण.

तिने ह्यांना खाटेच्या कडेवर बसवलं आणि घड्याळ पाहिलं. आधाराशिवाय दहा सेकंद बसले तर २ गुण, पाच मिनिटं बसले तर ३. चार सेकंदांत हे डावीकडे पोत्यासारखे कलले. तिचा हात तयारच होता.

"मी सरळच बसलोय," हे म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. तिने समजावलं, ते खोटं बोलत नाहीत. मेंदूतला ओळंबाच हललाय, त्यांना कललेलंच सरळ वाटतं.

तिने १ लिहिला. मी म्हटलं, "दोन द्या ना."

"मी दोन दिले तर तुम्ही रात्री ह्यांना कडेवर बसवून पाणी आणायला जाल, आजी."

मी गप्प. चौतीस वर्षांत मी कुणाला फुकट गुण दिले नाहीत. पालक घरी येऊन बसले तरी नाही. असो. त्या दिवशी एकूण ११ झाले.

आता पापडीच्या घरी आहोत. ती रविवारी येते. परवा २७ झाले. पाच मिनिटं बसण्याचे पूर्ण ३! अडलं ते पेन्सिलीवर. उभं राहून जमिनीवरची पेन्सिल उचलायची. ती दोन्ही हातांनी धरून होती, तरी बोटं पोचेपर्यंत ह्यांना घाम फुटला, आणि पेन्सिल निसटून खाटेखाली गेली.

ती गेल्यावर मी काढायला वाकले, तर म्हणाले, "राहू दे. मला लागणार आहे."