रोममध्ये अ‍ॅरिस्टॉटल

रोमला आलेला प्रवासी पियाझ्झा नवोनात जातोच. बर्निनीचं कारंजं, चित्रं विकणारे, चौकात खुर्च्या मांडलेली हॉटेलं हे सगळं बघून तो पँथिऑनकडे वळतो. आम्ही उलट वळलो. चौकाच्या उत्तर टोकाने बाहेर पडलं की दोन मिनिटांवर पलाझ्झो आल्तेंप्स लागतो. पंधराव्या शतकात बांधायला घेतलेला हा वाडा १५६८ मध्ये कार्डिनल मार्को सित्तिको आल्तेंप्सने विकत घेतला आणि १९९७ मध्ये तो संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडला. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. मधला चौक, भोवती कमानी, वर चित्रांनी भरलेला सज्जा. दालनांत एखाददुसरा माणूस आणि खुर्चीवर पेंगणारा रखवालदार.

इथल्या बऱ्याच मूर्ती मात्र या वाड्यातल्या नव्हेत. सतराव्या शतकात लुदोविको लुदोविसी या कार्डिनलने जमवलेला हा संग्रह. त्याची बागबंगल्याची विस्तीर्ण जागा आजच्या व्हिया व्हेनेतोच्या भागात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बाग प्लॉट पाडून विकली गेली, आणि १९०१ मध्ये संग्रहातल्या शंभरावर मूर्ती इटालियन सरकारने घेतल्या. त्या काळच्या कार्डिनलांना मोडकी मूर्ती खपत नसे. नाक नसेल तर नाक बसव, हात नसेल तर हात जोड, अशी कामं बर्निनी आणि अलेस्सांद्रो अल्गार्दी यांच्यासारख्या बड्या शिल्पकारांनीही केली. त्यामुळे इथे मूर्ती बघताना जुनं किती आणि जोडलेलं किती, हे शोधायची सवयच लागते.

अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्धपुतळ्यापाशी आलो तेव्हा हेच केलं. खांद्यावरचं वस्त्र अलाबास्टरचं, पट्ट्यापट्ट्यांचं आणि झुळझुळीत. ते नंतरचं. वरचं डोकं पांढऱ्या संगमरवरातलं. ते रोमन काळातलं, इ.स.पू. ३३०च्या सुमाराच्या एका ग्रीक ब्राँझच्या मूर्तीवरून केलेली नक्कल. ती मूळ मूर्ती अलेक्झांडरचा आवडता शिल्पकार लिसिपस याने घडवली असावी, असं मानतात. ब्राँझ केव्हाच गेलं.

जवळ जाऊन बघितलं. कपाळ रुंद, टाळूवरचे केस विरळ झालेले आणि पुढे ओढून घेतलेले, त्यांच्या बारीक बटा कपाळावर उतरलेल्या. डोळे लहान आणि खोल. दाढी आखूड, नीट कापलेली. ओठ मिटलेले. कुठेही भव्यता नाही. ऋषीमुनींचं तेज वगैरे शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

माझा पुतण्या मिलानला शिकतो, तो सोबत होता. तो म्हणाला, "काका, हा तर पोस्टातला हेडक्लार्क वाटतो. फॉर्म परत करेल, 'रकाना सात नीट भरा' म्हणून."

मला ते फार आवडलं. कारण ज्याने पाचशेहून अधिक प्राण्यांच्या नोंदी केल्या, त्याला रकाने नीट भरलेले लागणारच.

इ.स.च्या तिसऱ्या शतकातल्या डायोजेनिस लाएर्शियसने तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिली. एका जुन्या लेखकाच्या हवाल्याने तो सांगतो, की अ‍ॅरिस्टॉटल बोलताना बोबडा बोले, त्याचे पाय काटकुळे होते, डोळे लहान होते. पण कपडे झोकात असत, बोटांत अंगठ्या असत आणि केस बेतशीर कापलेले असत. संगमरवरातून बोबडेपण कळायचं नाही, अंगठ्याही दिसायच्या नाहीत. लहान डोळे मात्र समोर होते.

अ‍ॅरिस्टॉटल कधी रोमला आला नाही. स्टॅगिरात जन्मला, अथेन्सला प्लेटोकडे शिकला, आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आणि लेस्बॉस बेटावर राहिला, मॅसिडोनियात अलेक्झांडरला शिकवलं, अथेन्सला परतून लायसियम ही पाठशाळा काढली आणि इ.स.पू. ३२२ मध्ये कॅल्किसला वारला. मग त्याचा चेहरा इथे कसा? लुटीने आणि हौसेने. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्स जिंकलं आणि तिथला एक मोठा ग्रंथसंग्रह रोमला आणला. त्यात अ‍ॅरिस्टॉटलची पुस्तकं होती. पुस्तकांपाठोपाठ पुतळेही आले. श्रीमंत रोमनांना आपल्या बंगल्यात ग्रीक विद्येचा कोपरा हवा असे. वक्ता आणि राजकारणी सिसेरोने टस्क्युलमच्या घरातल्या एका भागाला चक्क 'लायसियम' नाव दिलं होतं. इ.स.पू. ५५ मध्ये मित्र अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की सत्ताधाऱ्यांच्या मानाच्या खुर्चीपेक्षा तुझ्याकडच्या अ‍ॅरिस्टॉटलच्या मूर्तीखालचं ते छोटं आसन मला बरं. राजकारणात हरलेल्या माणसाला त्या मूर्तीची सावली हवीशी वाटत होती.

मूर्तीची परंपरा त्याच्याही मागे जाते. लायसियमची गादी पुढे चालवणाऱ्या थिओफ्रास्टसने, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या आद्य ग्रंथकाराने, आपल्या मृत्युपत्रात अ‍ॅरिस्टॉटलची मूर्ती देवळात पुन्हा बसवावी अशी तजवीज केली आहे. आणि इ.स.च्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासलेखक पॉसेनियस ऑलिंपियाला गेला, तेव्हा त्याला एक बिननावाचा पुतळा दिसला. लोक म्हणत, हा अ‍ॅरिस्टॉटल. खाली अक्षर नाही, म्हणून पॉसेनियसलाही लोकांच्या सांगण्यावरच भागवावं लागलं. या सगळ्या कथेतली मेख हीच आहे. चेहरे खूप उरले, नावं पुसली गेली.

दुपारी पायीच दक्षिणेकडे निघालो. कांपो दे फियोरीच्या बाजारात भाजीवाले पाले उचलत होते. मधोमध तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रूनोचा काळा पुतळा, डोक्यावर टोपडं ओढलेला. १७ फेब्रुवारी १६०० रोजी त्याला इथेच जिवंत जाळलं. त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्मश्रद्धेचे होते. पण पृथ्वी मध्यभागी असलेलं, कडा असलेलं अ‍ॅरिस्टॉटलचं विश्व त्याने उडवून लावलं होतं, हेही खरं. दोन हजार वर्षांत अ‍ॅरिस्टॉटलच्या मताचं असं देवस्थान झालं होतं, की त्याला हात लावणं म्हणजे धर्माला हात लावणं.

या चौकातून एक गल्ली ओलांडली की पलाझ्झो फार्नेसे. आता तिथे फ्रेंच वकिलात आहे. सोळाव्या शतकात फार्नेसे कार्डिनलांचा ग्रंथपाल फुल्व्हिओ ओर्सिनी इथे राहत असे. तोही १६०० मध्येच वारला, पण अंथरुणावर. ओर्सिनीला नाद होता तो जुन्या चेहऱ्यांचा. नाणी, कोरीव खडे, अर्धपुतळे जमवायचे आणि त्यातला कोण कोण ते ठरवायचं. त्याचा नियम साधा होता: चेहऱ्याखाली नाव कोरलेलं असेल तर तो पक्का. मग त्या पक्क्या चेहऱ्याशी बाकीचे ताडून बघायचे. १५७०च्या त्याच्या पुस्तकामुळे प्राचीन व्यक्तिचित्रांच्या अभ्यासाला पाया मिळाला. त्याच्याकडे एक छोटा अर्धपुतळा आला, त्यावर ग्रीक अक्षरांत अ‍ॅरिस्टॉटलचं नाव होतं.

तो अर्धपुतळा पुढे हरवला. उरलं ते त्याचं रेखाटन. तीनशे वर्षांनी, १९०८ मध्ये, फ्रान्झ स्टुड्निच्का या जर्मन अभ्यासकाने ते रेखाटन आणि युरोपभरच्या संग्रहालयांतली निनावी डोकी समोरासमोर ठेवली. कपाळावरच्या बटा कशा पडतात, केस कुठे विरळ होतात, दाढी कुठे थांबते, हे एकेक जुळवत गेला. एकाच घराण्यातली डोकी वेगळी निघाली: व्हिएन्नाचं, पॅरिसचं, आणि आम्ही सकाळी पाहिलेलं हे.

फार्नेसेच्या शेजारीच पलाझ्झो स्पादा. या वाड्याच्या संग्रहात एक बसलेला, हनुवटीला हात लावून विचारात पडलेला म्हातारा आहे. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल म्हणून हाच प्रसिद्ध होता. कारण काय, तर पायाशी कोरलेल्या नावाची पहिली अक्षरं 'अ‍ॅरिस्ट' अशी. पुढचा भाग फुटलेला. पण 'अ‍ॅरिस्ट'ने सुरू होणारी ग्रीक नावं पैशाला पासरी. हे नाव बहुधा अ‍ॅरिस्टिपसचं, म्हणजे सुखवादी तत्त्वज्ञाचं, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं; शिवाय त्या धडावरचं डोकंही त्याचं नव्हे. सुखवाद्याच्या अंगावर परकं डोकं, आणि जग त्याला तर्कशास्त्राचा जनक म्हणून नमस्कार करतंय! याच वाड्यात वास्तुकार बोरोमिनीने केलेला एक खांबांचा बोळ आहे. लांबून तो चांगला लांबलचक वाटतो, पण असतो जेमतेम ९ मीटर. खांब मागे मागे लहान करत नेलेत आणि जमीन चढती केली आहे. डोळ्यांवर विसंबू नका, मोजून बघा, असं सांगायला याहून बरी जागा नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅटिकन. इथे गर्दी तुम्हाला नेईल तिकडे तुम्ही जाता. पोप दुसरा ज्युलियस याच्या ग्रंथालयासाठी राफाएलने १५०९ ते १५११ या काळात रंगवलेलं 'अथेन्सची पाठशाला' समोर आलं तेव्हा खांद्याला खांदा लागलेला होता. मधल्या कमानीखाली दोघं: प्लेटोचं बोट आकाशाकडे, अ‍ॅरिस्टॉटलचा पंजा जमिनीला समांतर, जणू म्हणतोय, जरा इथलं बघू. निळं वस्त्र, भरघोस तपकिरी दाढी, रुंद खांदे. देखणा आणि रुबाबदार. आल्तेंप्समधल्या डोक्याशी याचं काडीचं साम्य नाही.

ते असणारही नव्हतं. राफाएल १५२० मध्ये वारला. ओर्सिनी जन्मला १५२९ मध्ये. खरा चेहरा कोणता हे सांगणारा तेव्हा कोणी नव्हता. राफाएलने समकालीनांचे चेहरे उसने घेतले. प्लेटोत लिओनार्दो दिसतो म्हणतात, पुढे पायरीवर बसलेल्या हेराक्लिटसमध्ये मायकेलअँजेलो. अ‍ॅरिस्टॉटलच्या हातात त्याने दिलंय नीतिशास्त्राचं पुस्तक, वर इटालियनमध्ये नाव लिहून. चित्राला साजेसंच आहे ते.

तरी माझं मन त्या पुस्तकावर अडलं. मराठी वाचकाला अ‍ॅरिस्टॉटल भेटतो तो बहुतेक विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या काव्यशास्त्रामुळे. बाकी जगाला तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्रामुळे. प्राण्यांवरचे त्याचे ग्रंथ आकाराने केवढे मोठे, पण चित्रकारांनी ते क्वचितच त्याच्या हाती दिले. खरं तर ते लॅटिनमध्ये १४७६ मध्येच व्हेनिसला छापून झाले होते. मी असतो तर त्या हातात कोंबडीचं अंडं दिलं असतं. त्याने उबवणीची अंडी ठरावीक दिवसांनी फोडून पाहिली आणि लिहून ठेवलं, की तीन दिवसांनी पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो. ते हृदय. मुशीच्या एका जातीचं पिल्लू आईच्या पोटात वारेने जोडलेलं असतं, हेही त्याने नोंदवलं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. १८४२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलरने तपासून ते खरं असल्याचं दाखवलं.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे या माणसाचा चेहरा ओळखायलाही त्याचीच पद्धत लागली."

तो बरोबर बोलला. दहा नमुने समोर मांडा, सारखं काय आणि वेगळं काय ते लिहा, त्यातून जात ठरवा. अ‍ॅरिस्टॉटलने माशांचं केलं, स्टुड्निच्काने डोक्यांचं. साखळीत एक कच्ची कडी आहेच: सगळा भरवसा हरवलेल्या अर्धपुतळ्याच्या एका रेखाटनावर आहे. पण कच्ची कडी कुठे आहे ते माहीत असणं ही मोठी गोष्ट. राफाएलच्या चित्रात कडी शोधायला जागाच नाही. तिथे फक्त विश्वास ठेवायचा असतो.

म्हणून रोमला जाल तर क्रम असा ठेवा. आधी आल्तेंप्स, सावकाश, कपाळावरच्या बटा मोजत, व्हॅटिकन मग. आधी राफाएल पाहिला तर तोच चेहरा मनात बसतो आणि संगमरवरातला माणूस फिका वाटतो. आधी संगमरवर पाहिला, तर राफाएलने काय काय मनचं घातलं ते दिसायला लागतं, आणि चित्राची मजा त्याने कमी होत नाही, वाढते.