वरंध्याची उतरण

मे महिन्यात भोरहून महाडची एसटी पकडली. नीरा देवघरचं पाणी पार तळाला गेलं होतं. धरणाच्या काठाकाठाने रस्ता बराच वेळ निवांत जातो, मग वरंधा घाटाची खिंड येते आणि समोरची जमीनच संपते. रस्ता काढताना इथला कावळ्या किल्ला मधोमध कापला गेला. त्याचे दोन तुकडे दोन्ही अंगांना उभे आहेत. पलीकडे थेट खाली कोकण.

वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, असा बैलाला झेपेल इतका उतार धरला, तर ५०० मीटर उतरायला १० किलोमीटर रस्ता लागतो. सह्याद्रीचा कडा सरळ रेषेत तेवढी जागा कुठून देणार? म्हणून तोच रस्ता वळणावळणांनी पुन्हा पुन्हा मागे फिरवायचा. खालून भरलेला ट्रक येताना दिसला, तशी ड्रायव्हरने एसटी कडेला घेतली. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढावर थांबलेला ट्रक पुन्हा उचलणं फार जड जातं.

वाघजाईच्या देवळापाशी भजी, चहा आणि पानाच्या द्रोणात करवंदं. “पाऊस लागला की इथं कोण थांबतंय, दादा!” टपरीवाल्या मावशी म्हणाल्या.

सगळे दरीकडे बघत होते. मला घाटात डोंगराची बाजू बघायला आवडते, कारण घाट टिकतो तो तिथेच. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पावसाळ्यात पाणी मुरतं, झिरपतं. ते उतरून येणार रस्त्याकडेच्या गटारात, आणि तिथून मोरीतून दरीत. २२ जुलै २०२१ला याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात हा घाटही जागोजागी खचला. रुंदीकरणाच्या घोषणा ऐकल्या की मी आधी विचारतो, गटाराचं काय?

पुढच्या वळणावर मोऱ्या साफ करायचं काम चाललेलं दिसलं. मोरीचं तोंड मातीने, पालापाचोळ्याने, वेफर्सच्या पाकिटांनी बुजलं होतं. एक बाई आत अर्धी वाकून फावड्याने गाळ ओढत होती, दुसरी घमेली भरून बाजूला टाकत होती. ड्रायव्हरने काच खाली करून मुकादमाला विचारलं, “किती राहिल्यात?”

“अजून खालच्या सगळ्या. पावसाच्या आत उरकायचंय.”

बाईने हात वर करून पाणी मागितलं. कंडक्टरने आपली बाटली दिली आणि घंटी मारली. वरंध गावात निम्मी गाडी रिकामी झाली.