मागच्या बाकावरची पेन्सिल

वर्गात आरडाओरडा झाला, की तो कोणी केला हे शिक्षकांना चटकन कळते. त्याच्या आधी काय घडले, हे मात्र सहसा कळत नाही.

गेल्या वर्षी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे हातपाय स्वस्थ राहत नसत. प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर देई. वही घरी विसरे. वही आणली तर पेन विसरे. मुले त्याला ‘भोवरा’ म्हणत. मागचा मुलगा हळूच त्याच्या पाठीत पेन्सिल टोचत असे, शेजारचा डबा लपवत असे. मग दोघेही मान खाली घालून लिहू लागत. हा एकदम ओरडे आणि बोलणी यालाच बसत. चिडवणाऱ्यांना तीच तर गंमत वाटे!

गणिताच्या चाचणीत त्याला २५ पैकी ७ गुण मिळाले. मधल्या सुट्टीत मी त्याला फळ्याजवळ बोलावले. तीच उदाहरणे एकेक करून दिली. बहुतेक सगळी त्याने सोडवली.

“मग चाचणीत काय झाले?” मी विचारले.

“सर, माझं अर्धं लक्ष मागे असतं. कोण कधी टोचेल, सांगता येत नाही.”

त्याच्या अम्मीने त्याला रुग्णालयात दाखवले. डॉक्टरांनी एडीएचडी असे निदान केले. अशा मुलांना लक्ष टिकवणे आणि मनातली घाई आवरणे जड जाते. हा बुद्धीचा दोष नव्हे, लाडाचा परिणामही नव्हे. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स यालाही लहानपणी हेच निदान झाले होते. मोठ्या कानांवरून मुले त्याला चिडवत. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने ८ सुवर्णपदके जिंकली. अर्थात, प्रत्येकाने पदक जिंकायलाच हवे असे नाही. निर्धास्तपणे गणित सोडवता आले, तरी पुष्कळ झाले.

मी त्याला पहिल्या बाकावर बसवले. पाच उदाहरणे एकदम देण्याऐवजी एकेक देऊ लागलो. तासाच्या मध्ये खडू आणण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. चिडवणाऱ्या दोघांशी वेगळे बोललो. पण चिडवणारे दोघे होते आणि हसणारे वीस! एके दिवशी त्या विसांपैकी एक जण उभा राहिला. “सर, डबा यांनी लपवलाय,” तो म्हणाला. त्या दिवशी कोणी हसले नाही.

पुढच्या चाचणीत त्याला १४ गुण मिळाले. पेन तो अजूनही विसरतो. त्याचा नवा शेजारी आता दप्तरात दोन पेने ठेवतो.